फरशीवरचे ओले पाय

प्रश्न : सर, मी 17 वर्षांचा आहे, बारावी सायन्सला. घर मानेवाड्याकडे. चार महिन्यांपूर्वी क्लासमधल्या मित्राच्या घरी मी कलमा पढलो, म्हणजे मुसलमान झालो. कोणी जबरदस्ती केली नाही आणि कोणती मुलगीही नाही. हे आधीच सांगतो, कारण लोकांच्या डोक्यात पहिलं तेच येतं. आम्ही बौद्ध. माझे आजोबा 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीवर होते, तेव्हा तेही 17 वर्षांचेच होते. ते आमच्यातच राहतात. बैठकीत बाबासाहेबांचा फोटो आहे. त्याच्यासमोरून जिना चढून गच्चीवरच्या खोलीत नमाजेला जातो तेव्हा चोरासारखं वाटतं. पहाटेची फजर आणि रात्रीची ईशा होते, दुपारची जोहर-असर क्लासपायी राहून जाते. अरबी येत नाही, देवनागरीत लिहून पाठ करतो. किबल्याचं, म्हणजे मक्केची दिशा दाखवणारं ॲप गच्चीवर गोल गोल फिरत राहते. आई विचारते, दार लावून काय करतोस. घरी सांगू की अठरा झाल्यावर सांगू?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : आधी ॲपचं बघू. ते सोपं आहे, आणि मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवतोय.

गच्चीवर टाकीचा लोखंडी सांगाडा असेल, स्लॅबमध्ये सळया आहेतच. त्यांच्याजवळ मोबाईलचं होकायंत्र वेडं होतं. नागपूर आणि मक्का दोन्ही साधारण 21 अंश उत्तर अक्षांशावर आहेत. हे वर्गात सांगितलं की मुलं म्हणतात, मग किबला सरळ पश्चिमेला. तसं नाही. पृथ्वी गोल असल्यामुळे सगळ्यात जवळची वाट नकाशावर जरा वर वाकते, आणि आपल्या गावातून किबला पश्चिमेपासून सुमारे आठ अंश उत्तरेकडे पडतो. हात लांब करून मूठ धरलीस की ती दहा अंश झाकते. म्हणजे पश्चिमेकडे तोंड कर आणि मुठीपेक्षा थोडं कमी उजवीकडे वळ. खात्रीच करायची असेल तर 28 मेच्या सुमारास दुपारी 2 वाजून 48 मिनिटांनी सूर्य बरोबर मक्केतल्या काब्याच्या माथ्यावर असतो. त्या मिनिटाला गच्चीवर काठी सरळ उभी धर. सावली जिकडे पडेल त्याच्या नेमका उलट किबला. चप्पल घालून जा बाप्पा, मे महिन्यातली नागपूरची गच्ची म्हणजे तवा. जुलैच्या मध्यालाही हा योग येतो, पण तेव्हा आपल्याकडे ऊन कुठलं! आणि चार-दोन अंशांनी नमाज बिघडत नाही, त्यापायी झोप घालवू नको.

अरबीचं म्हणशील तर कलमा पढल्यावर मीही वहीत देवनागरीतच लिहून घेतलं होतं. अडचण अशी की आपल्याकडे 'ह' एकच. 'अलहम्दु'मधला ह घशाच्या आतून येतो, 'इहदिना'मधला आपला साधा. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, तिथे कानच लागतो. मला हे मोमिनपुऱ्यातल्या एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्या चाचांनी शिकवलं, माझ्या मित्राचे आजोबा. डोळ्याला भिंग लावून काम करत असायचे. मी फातिहा, म्हणजे कुराणाची पहिली सूरह म्हणायचो, आणि चुकलं की ते मान वर न करता चिमट्याने काचेवर टक् करायचे. सात आयती, मला बारा दिवस लागले. तूही असा एखादा टक् करणारा माणूस शोध. मोबाईल तुझं ऐकून घेत नाही, फक्त ऐकवतो.

सध्या फर्ज, म्हणजे सक्तीचे, तेवढे धर. फजर दोन, जोहर चार, असर चार, सूर्यास्तानंतरची मगरिब तीन, ईशा चार. झाल्या 17 रकाती (नमाजेच्या फेऱ्या), तुझ्या वयाइतक्या. आमच्या हनफी पद्धतीत ईशानंतरची वित्र नमाज सोडत नाहीत, ती हळूहळू शिक. सुन्नत, नफिल या जास्तीच्या नमाजा नंतर. नवा माणूस पहिल्या महिन्यात सगळं अंगावर घेतो आणि तिसऱ्या महिन्यात फजरही सोडतो, असे मी पुष्कळ पाहिले. थोडं असो पण रोज असो, ते अल्लाहला जास्त आवडतं, अशी हदीसच आहे, पैगंबरांचं वचन.

जोहरची वेळ वर्षातल्या कोणत्याही महिन्यात साडेबाराला लागलेली असते आणि हिवाळ्यातसुद्धा चारच्या आसपासपर्यंत चालते. चार फर्जांना पाच-सहा मिनिटं लागतात. क्लास दोनचा असेल तर पढूनच निघ. असरचा तेवढा घोळ आहे. वजू, म्हणजे नमाजेआधीचं हात-तोंड-पाय धुणं, घरून करून जा. लघवीला गेला नाहीस, वारा सरला नाही, गाढ झोपला नाहीस, तर तो टिकतो. क्लासच्या बेसिनमध्ये पाय मात्र घालू नको. मी ज्युनियर कॉलेजात एकदा घातला होता. शिपायाने पाहिलं आणि सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं ओरडला, "काऊन बे, इथं आंघोळ करून राहिला का?" पैगंबर साहेब एक मुद्द पाण्यात वजू करत, असं हदीसमध्ये आहे. मुद्द म्हणजे आपल्या मापाने पाऊण लिटरच्या आतच. एक पाण्याची बाटली, आणि मागच्या अंगणातलं एखादं झाड, पुरतं तेवढं. तरीही राहिलीच तर आठवेल तेव्हा कजा, म्हणजे चुकलेली नमाज, पढ.

आता घरचं.

मी 1987 साली कलमा पढलो, सोळा वर्षांचा होतो. घर नागपूरच्या महाल भागातलं, जुनं, मोरी मागच्या अंगाला, पुढे शहाबादी फरशी. डिसेंबरात फजरला उठायचो, काळोखात बादलीत हात घालायचा म्हणजे जीव जायचा. वजू करून स्वयंपाकघरातून पावलं न वाजवता पुढच्या खोलीत. पावलं वाजली नाहीत, पण उमटली. सहाला नळ यायचा म्हणून आई उठायची, आणि मोरीपासून पुढच्या खोलीपर्यंत तिला रोज ओल्या पायांची रांग दिसायची. तिला वाटलं माझं पोट बिघडलंय. आठवडाभर मला रात्री ओवा खायला लावला. मी मुकाट्याने खाल्ला.

मग एका पहाटे तिने दार लोटलं, तेव्हा मी सजद्यात, जमिनीला कपाळ टेकून होतो. दार परत लोटल्याचा आवाज आला. दिवसभर ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मोरीच्या उंबऱ्याशी गोणपाटाची चौपदरी घडी पडलेली होती, पाय पुसायला. ओवा बंद झाला.

यानंतर मी जे केलं ते तू करू नयेस म्हणून सांगतो. भाद्रपदात घरी महालक्ष्म्या. सोळा भाज्या, आंबील, पुरण, पाहुण्यांनी भरलेलं घर. पंगतीत काकू पुरण वाढायला आली आणि मी पान सरकवून वीसेक माणसांसमोर म्हणालो, "मला हा प्रसाद चालत नाही, मी मुसलमान झालोय." बाबा भरल्या पानावरून उठले. आई पुढच्या पानावर पुरण वाढत गेली, तिचा हात थांबला नाही. मला तेव्हा वाटलं, शूर आहे मी. आईने नऊ महिने पदराखाली झाकून ठेवलेलं मी एका घासाच्या वेळेत चव्हाट्यावर आणलं होतं, आणि रात्री बाबांची बोलणी तिने खाल्ली, "तुला ठाऊक होतं!" म्हणून.

चाचांना सांगितलं तर शाबासकी मिळेल असं वाटलं होतं. त्यांनी भिंग काढून ठेवलं. म्हणाले, "पहले घर जा और माँ को पानी भर के दे." मग कुराणातल्या सूरह लुकमानमधली 15 वी आयत काढून दाखवली. आईबाप शिर्क, म्हणजे अल्लाहच्या जोडीला आणखी कोणाची भक्ती, करायला लावत असतील तर त्यांचं ऐकू नको, पण या जगात त्यांच्याशी भलेपणाने राहा. दोन्ही गोष्टी एकाच आयतीत आहेत. मी अर्धीच वाचून पंगतीत बसलो होतो. पैगंबरांच्या काळातल्या हजरत अस्मांची आई मुसलमान नव्हती, ती भेटायला आली तेव्हा तिच्याशी नातं ठेवू का, असं त्यांनी पैगंबरांना विचारलं, तर ठेव म्हणाले. हे चाचांनी मला नंतर कितीदा ऐकवलं असेल!

म्हणून माझं मत असं की आईला आताच सांग. ती विचारते आहे, म्हणजे तिला कुठेतरी ओले पाय दिसलेत. अठराव्या वर्षाने कागद बदलतात, आईचं विचारणं काही थांबत नाही. सणाचा दिवस नको, पाहुणे नकोत. ती भाजी निवडत असेल तेव्हा शेजारी बस. वडिलांना कधी सांगायचं ते तिच्यावर सोड. बोर्डाच्या परीक्षेच्या तोंडावर घर पेटवायचं की नाही, हे तिला तुझ्यापेक्षा जास्त कळतं.

आणि आजोबा. तुझ्या पत्रात तुला बोचतं आहे ते हेच, असं मला वाटतं. धर्म बदलणं म्हणजे काय हे अंगावर घेतलेला तुझ्या घरात एकच माणूस आहे, आणि तू नेमका त्याच्यापासून लपतो आहेस. त्यांना दुखेल, हे लपवत नाही. त्यांच्याबरोबर लाखो लोक होते, वस्तीच्या वस्ती होत्या. तू एकटा गच्चीवर जातोस. ते म्हणतील, आम्ही 22 प्रतिज्ञा घेऊन देव सोडले आणि तू पुन्हा देवाकडे चाललास? याचं उत्तर तुझ्याकडे असेल तर दे, नसेल तर नाही म्हण. ते बहुधा हेही काढतील की बाबासाहेबांनी येवल्याला 13 ऑक्टोबर 1935 ला हिंदू म्हणून मरणार नाही हे सांगितलं आणि दीक्षा घेतली 1956 ला. मधे 21 वर्षं. तुझी चार महिने. ऐकून घे, कारण त्यात तथ्य आहे. पण आधी तूच त्यांना विचार, त्या दिवशी घरातून कोण कोण गेलं होतं, कोण मागे राहिलं, आणि मागे राहिलेल्याशी नंतर कसं जमलं. माझी पैज आहे, ही गोष्ट त्यांना घरात कोणी बऱ्याच वर्षांत विचारलेली नाही.

कागदांचं थोडक्यात. अठरा पूर्ण होईपर्यंत कोणी कसल्याही कागदावर सही मागितली तर करू नको, नंतरही वकिलाला दाखवल्याशिवाय नाही. अनुसूचित जातीच्या सवलती 1950 च्या आदेशाने आधी जवळजवळ फक्त हिंदूंनाच होत्या, 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना मिळाल्या. इस्लाम स्वीकारणाऱ्याला मिळत नाहीत. प्रवेशाचे फॉर्म भरताना हे समोर येणारच. तिथे दोन डगरींवर पाय ठेवता येणार नाही आणि खोटंही लिहायचं नाही, म्हणून वडील त्या वेळी सोबत असलेले बरे. नाव बदलायची गरज नाही. वाईट अर्थाचं असेल तरच बदलतात. मी आईने ठेवलेल्या नावानेच 38 वर्षं नमाज पढतोय.

प्रश्न : माझी मुलगी 19 वर्षांची आहे. वर्षभरापासून नमाज पढते. तिचे वडील तिच्याशी बोलत नाहीत, मी मधल्यामधी. तिची भांडी वेगळी करावी लागतात का? रविवारी घरी सावजी मटण असतं, ती शिवत नाही. सणाच्या दिवशी तर तिच्या ताटात काय वाढू तेच कळत नाही.
— एक आई, खामला

उत्तर : ताई, तुमच्या यजमानांचं आधी. माझे बाबा बारावीच्या निकालापर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. मी समोर बसलेला असायचो आणि ते आईला म्हणायचे, "त्याला सांग, सायकलीत हवा कमी आहे." हवा कमी आहे हे त्यांनी पाहिलेलं असायचं. तुमच्याकडेही असं काही चालू असेल, जरा लक्ष ठेवून बघा.

भांडी वेगळी करू नका. त्याची काही गरज नाही, आणि वेगळं ताट एकदा मांडलं की ते कायम वेगळंच राहतं. मटण हलालच्या दुकानातून आणा, मसाला तुमचाच सावजी ठेवा, मग एकाच भांड्यातलं सगळे खातील. भाजी-भाकरी, वरण-भात, पोहे, याला काहीच अडचण नाही.

सणाचा प्रश्न नैवेद्याचा आहे. नैवेद्य दाखवलेलं ती खाणार नाही, दाखवण्याआधी बाजूला काढलेलं खाईल. पण आपल्याकडे नैवेद्याआधी बोट लावत नाहीत, हे मला ठाऊक आहे, आणि माझ्या आजीच्या राज्यात तर फारच. आईने दुसऱ्या वर्षीपासून पहिली पुरणपोळी तव्यावरून उतरली की डब्यात घालून वर फडकं बांधायला सुरुवात केली. आजीने विचारलं तर म्हणायची, "गायीचं काढून ठेवलं आहे." आजी गेली तोवर बारा-तेरा वर्षं मी गायीच्या वाट्याचं पुरण खाल्लं, वर तूप घालून.