एम्प्रेस गार्डन मुद्दाम जाऊन बघण्यासारखी आहे का?

प्रश्नात तुम्ही लिहिलंय की दोन लहान मुलांना घेऊन पुण्यात येताय, एम्प्रेस गार्डन आणि आसपासचं काय बघावं ते हवंय, पण इथले नातेवाईक म्हणतात, ‘तिथे झाडांशिवाय काही नाही.’

हे नातेवाईक पेठेतले असणार, पैज लावतो. मी घोरपडीत, म्हणजे कॅम्पाकडच्या बाजूला वाढलेला माणूस. आमचे दाजी सदाशिव पेठेतले. त्यांच्या लेखी पुणं स्वारगेटला संपतं. पुढे सगळं ‘तुमचं कॅम्प’. पाहुणे आले की सारसबाग, गणपती, भेळ, झालं. एम्प्रेस गार्डनचं नाव काढलं की हेच वाक्य. अहो, वनस्पती उद्यानात झाडंच असणार!

एकदा हट्टाने सगळ्यांना घेऊन गेलो. दाजी, ताई, भाचरं आणि दाजींच्या आई, म्हणजे माई. आत गारंबीचा प्रचंड वेल आहे. मांडीएवढी जाड खोडं पीळ घेत जमिनीवरून सरपटतात, मग शेजारच्या झाडांवर चढून पार शेंड्याला जातात. वेल कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते कळत नाही. दाजींनी लगेच मुलांना ज्ञान दिलं, “ही बघा वडाची पारंबी.” मी म्हटलं, “दाजी, पारंबी वरून खाली येते, हा खालून वर गेलाय. ही गारंबी.” तर म्हणे, “गारंबी वगैरे काही नसतं, कुठेतरी चुकीचं ऐकलंयस.” चांगली जुंपली आमची. ताई डोळे वटारतेय, भाचरं त्याच वेलावर घोडा घोडा करतायत.

माई मागून सावकाश येत होत्या. माहेर गुहागरकडचं. त्यांनी वेलावर हात ठेवला आणि मुलाकडे न बघताच म्हणाल्या, “गारंबीच ही. हिच्या बिया घेऊन आम्ही अंगणात खेळायचो.” मग मुलांना बसवून सगळं सांगितलं. शेंग चिंचेच्या आकड्यासारखीच, पण मीटरभर किंवा त्याहूनही लांब. प्रत्येक बीला वेगळा कप्पा. बी चपटी, गोल, तपकिरी, घासून पॉलिश केल्यासारखी. ती पाण्यावर तरंगते, ओढ्यातून नदीत, नदीतून समुद्रात जाते आणि कुठल्या कुठे किनाऱ्याला लागते. चिंच-बाभळीच्याच कुळातला हा वेल, सह्याद्रीच्या जंगलातला. दाजी तेवढा वेळ फोनवर बोलत होते. आजही विषय निघाला की म्हणतात, “पारंबीसारखीच दिसते ना?” नाही दिसत.

तर हो, बघण्यासारखी आहे. मूळची ही सोल्जर्स गार्डन, छावणीतल्या गोऱ्या शिपायांसाठी. व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्यावर नाव बदललं. सांभाळते १८३० साली स्थापन झालेली कृषी-बागायतीची जुनी संस्था. साधारण ३९ एकर जागा आहे, त्यामुळे मुलांना मोकळं सोडा. आणि कृपा करून प्रत्येक झाडाखाली उभं करून फोटो काढत बसू नका. एकच मोठं झाड निवडा आणि खाली सतरंजी टाका. फुलांच्या ताटव्यांसाठी येणारे लोक तासाभरात कंटाळतात आणि मग बाहेर येऊन ‘झाडांशिवाय काही नाही’ म्हणतात.

आसपासचं थोडक्यात. रेसकोर्स अगदी शेजारी. पावसाळ्यात रेसचा हंगाम असतो, त्या दिवशी त्या बाजूला ट्रॅफिक. वानवडीत शिंदे छत्री जवळ आहे, ती चुकवू नका. महादजी शिंदे १७९४ मध्ये वानवडीतच वारले, त्यांची समाधी तिथे आहे. शनिवारवाड्यावर तासन्‌तास घालवणारे दाजी तिथे अजून गेलेले नाहीत, हे आपलं जाता जाता. भूक लागली तर एम. जी. रोडला मार्झोरिनचं सँडविच, ईस्ट स्ट्रीटला कयानी बेकरीची श्रूजबेरी बिस्किटं. कयानी दुपारी बंद असते, नंतर मला नावं ठेवू नका.

आता राहिलेलं. पावसात चिखल आणि डास असतात, मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. गुडघे दुखणारं कुणी सोबत असेल तर सगळी बाग फिरायचा हट्ट नको. वेळ आणि तिकीट निघण्याआधी बघून घ्या. पाळणे-खेळण्यांवरच जीव असलेली मुलं असतील तर नातेवाईकांचं ऐका, मी काही म्हणणार नाही. आणि फुलंच बघायची असतील तर २६ जानेवारीच्या आसपास पुष्पप्रदर्शन भरतं तेव्हा या; फक्त गाडी आणू नका, रिक्षाने या, आणि गारंबी बघायला पुन्हा एकदा साध्या वारी, सकाळी या.