आधी प्रश्न, मग ऑन्टॉलॉजी
इमारतीतल्या उपकरणांचा ग्राफ, म्हणजे कोण कोणाशी जोडलंय याचा नकाशा, बनवताना ब्रिक घ्यावं की हेस्टॅक, यावर आत्ताच डोकं शिणवू नकोस. (ही दोन्ही ऑन्टॉलॉजी, म्हणजे उपकरणं आणि त्यांची नाती मांडायची ठरलेली शब्दावली.) आधी डेटाला काय विचारायचंय ते लिही. समजा, ‘या खोलीला हवा कोणत्या एएचयूकडून (हवा थंड-गरम करून पुढे पाठवणाऱ्या यंत्राकडून) येते?’ त्याला एएचयू, व्हीएव्ही (खोलीकडे जाणारी हवा कमी-जास्त करणारा डबा), झोन (एकत्र नियंत्रित होणारा भाग) आणि त्यांना जोडणारं ‘फीड्स’ (हवा पुरवतो) हे नातं पुरतं. तापमानाचा सेन्सर ‘हॅजपॉइंट’ने, म्हणजे ‘याचा हा मोजबिंदू’ अशा नात्याने, जोडायचा. बीएमएसमधल्या (इमारतीच्या नियंत्रण प्रणालीतल्या) ‘एसएटी_०३’सारख्या नावांवर मात्र विसंबू नकोस. ते सप्लाय हवेचं मोजलेलं तापमान आहे की नुसता सेटपॉइंट (ठरवून दिलेलं तापमान), हे प्लांट सांभाळणाऱ्यालाच विचार. खरा वेळ इथेच जातो, आणि कंटाळवाणं काम आहे बुवा! रीडिंग्ज ग्राफमध्ये कोंबू नकोस; त्या टाइमसिरीज डेटाबेसमध्येच (वेळेनुसार नोंदी ठेवणाऱ्या डेटाबेसमध्ये) राहू देत, ग्राफमध्ये फक्त त्यांचा आयडी ठेव. शॅकलची (ग्राफ ठरलेल्या नियमांत बसतो का हे पाहणाऱ्या भाषेची) तपासणी पहिल्या मजल्यापासूनच लाव, नाहीतर शेवटी चुका उपसत बसशील.