नागपुरात राहून भुंगेऱ्यांच्या वर्गीकरणात काम करता येईल का? जैवसुरक्षेशी, म्हणजे बाहेरच्या किडी-रोग देशात शिरू न देण्याशी, त्याचा काय संबंध?

येईल, आणि संबंध थेट आहे. साठवलेल्या गव्हातला खापरा भुंगेरा घ्या, जेमतेम २-३ मिलिमीटरचा. आपल्याकडे तो जुनाच, पण अमेरिका-ऑस्ट्रेलियाच्या बंदरावर त्याची अळी सापडली तर माल अडतो. भाऊबंद हुबेहूब तसेच दिसतात, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली मिशा, जननेंद्रियं तपासावी लागतात. नाव चुकलं तर शेतकऱ्याचा चांगला माल परत, नाहीतर खरी कीड मोकळी! मला ही फार मोठी जबाबदारी वाटते.

कीटकशास्त्रात एमएस्सी कराच, पण त्याआधी कळमना बाजारातलं किडकं धान्य आणून हात बसवा. एवढे बारीक भुंगेरे टाचणीने टोचत नाहीत, कागदी त्रिकोणाच्या टोकाला चिकटवतात. सोबत जागा-तारखेची चिठ्ठी हवीच.