जुना मल्टिमीटर, नवा ऑसिलोस्कोप

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत जीपीआयबी (मापन उपकरणे संगणकाला जोडण्याची जुनी पद्धत) जोडणीचा जुना मल्टिमीटर आणि यूएसबी व लॅन अशा दोन्ही सोयी असलेला नवा ऑसिलोस्कोप आहे. दोन्ही एकाच संगणकावरून चालवायचे, तर कोणती जोडणी निवडावी?

उत्तर : ऑसिलोस्कोपसाठी लॅन निवडावे, असे आमचे मत आहे. यूएसबी लावायला सोपी असली, तरी तिची साधी केबल सुमारे ५ मीटरपुढे भरवशाची राहत नाही आणि तिच्यातून संगणक व उपकरण यांचे ग्राउंड जोडले जात असल्यामुळे सूक्ष्म मापनात गोंगाट शिरू शकतो. लॅनच्या जोडणीत, केबल शील्ड (धातूचे आवरण) नसलेली घेतल्यास, आतील ट्रान्सफॉर्मरमुळे दोन्ही बाजू विद्युतदृष्ट्या अलग राहतात आणि १०० मीटरपर्यंतचे अंतर चालते. मल्टिमीटर मात्र केवळ जोडणी जुनी म्हणून मोडीत काढू नये. १९७५ साली आयट्रिपलई-४८८ या नावाने प्रमाणित झालेली जीपीआयबी आजही भक्कम आहे. तिच्यासाठी यूएसबी अडॅप्टर घ्यावा लागेल, आणि तो स्वस्त नसतो, हे खरे. उपकरणे चालवणारा प्रोग्रॅम व्हिसा या, सर्व प्रकारच्या जोडण्या एकाच पद्धतीने हाताळणाऱ्या प्रणालीच्या आधारे लिहिल्यास पुढे जोडणी बदलली, तरी बहुधा केवळ उपकरणाचा पत्ता बदलावा लागतो. मल्टिमीटर १९९० पूर्वीचा असेल, तर त्याला एससीपीआय, म्हणजे त्या वर्षी आलेल्या, मापन उपकरणांसाठीच्या प्रमाणित आज्ञा समजणार नाहीत. त्याच्या स्वतःच्या आज्ञा मूळ माहितीपुस्तिकेतून शोधाव्या लागतील.