विंडोज ११ साठी सगळे पीसी बदलायचे की लिनक्स?

भाऊ, तुमच्या सिव्हिल लाइन्सच्या ऑफिसातले जुने पीसी विंडोज ११ घेत नाहीत म्हणून सगळेच नवे घ्यायचा प्रस्ताव फिरून राहिला, आणि त्याऐवजी लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टीम, टाकलं तर जमेल का, असं तुम्ही विचारलं. जमेल. पण सुरुवात लिनक्सपासून करू नका, आधी आहे त्याच विंडोजवर लिब्रेऑफिस, म्हणजे वर्ड-एक्सेलसारखे फुकट प्रोग्राम, टाका.

फ्रान्सच्या जाँदार्मरीनं, म्हणजे तिथल्या पोलीस दलानं, असंच केलं. २००५ ला ओपनऑफिस (लिब्रेऑफिससारखंच) आणलं, मग ब्राउझर आणि ईमेलसाठी फायरफॉक्स-थंडरबर्ड, आणि विंडोज व्हिस्टाला जायची वेळ आली तेव्हा २००८ पासून उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार), तोवर लोकांचा हात रोजच्या प्रोग्रामवर बसलेला होता. जर्मनीचं श्लेस्विग-होल्स्टाइन राज्यही आधी लिब्रेऑफिस याच क्रमानं सुमारे ३०,००० मशीन घेऊन चाललंय. म्युनिकचं उदाहरण तुम्हाला कोणीतरी ऐकवेलच, सुमारे १५,००० पीसी लिनक्सवर नेले आणि २०१७ ला परत विंडोजचा निर्णय झाला, पण तिथंही बाहेरच्या ऑफिसांशी फायलींची देवाणघेवाण ही मोठी तक्रार होती.

आपल्याकडे तर फायलींचाच प्रश्न मोठा, कारण वर्षानुवर्षांची पत्रं कृतिदेव या जुन्या मराठी फॉन्टमध्ये आहेत. फॉन्ट नसला की पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं आणि विरामचिन्हं दिसतात. कन्व्हर्टरनं युनिकोड (कुठल्याही मशीनवर मराठीच दिसेल असं) करता येतं, पण रफार आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्या अक्षरावर जाऊन बसते, म्हणून "कार्यालय", "वार्षिक", "निविदा" असले शब्द डोळ्यानं तपासायला माणूस बसवावाच लागतो. नव्या मशीनचे जे पैसे वाचतील त्यातले थोडे याच कामाला ठेवा, हे मी कळकळीनं सांगतो, इथं कंजुषी केली की पंधरा दिवसांत सगळे म्हणतात जुनंच बरं होतं.

टेंडर आणि डिजिटल सहीचं टोकन चालवायला मात्र विंडोज ११ चे एक-दोन नवे पीसी घ्याच, तिथं प्रयोग नको. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, त्यामुळं बाकीचेही फार काळ तसेच लोंबकळत ठेवू नका.

टिप्पणीत केंद्राच्या २०१५ च्या ओपन सोर्स धोरणाचा आणि केरळच्या शाळांचा दाखला द्या, तिथं काइट या राज्य सरकारच्या संस्थेनं लिनक्स सरकारी शाळांत रुजवून दाखवलंय, साहेबांना असं सरकारीच उदाहरण लागतं. पहिली शाखा आवक-जावक घ्या. आस्थापनेला सगळ्यात शेवटी हात लावा, त्यांच्या पगाराच्या एक्सेलमध्ये मॅक्रो (आपोआप काम करणाऱ्या छोट्या आज्ञा) असतात आणि ते लिब्रेऑफिसमध्ये जसेच्या तसे चालतीलच असं नाही.