“ती बाळाला घेतच नाही हो”

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच नवऱ्याने सांगून टाकलं. “मॅडम, ती बाळाला घेतच नाही हो.”

मुलगी सात आठवड्यांची. रडायला लागली की ही सासूबाईंना हाक मारायची. दूध पाजण्यापुरती घ्यायची, पाजून झालं की लगेच कुणाच्या तरी हातात द्यायची. सासूबाई बाहेर नातीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांचं मत दारातच ऐकलं होतं : “आम्हीही मुलं वाढवलीच की. हिला सगळं हातात लागतं.” नवरा चिडलेला नव्हता, भेदरलेला होता. पुनःपुन्हा एकच विचारत होता, की आईला आपल्या बाळाबद्दल काहीच वाटत नाही, असं होऊ शकतं का?

ती गप्प. केस विंचरलेले, कपडे नीटनेटके. हे मुद्दाम सांगते, कारण नैराश्य आलेली बाई विस्कटलेलीच दिसणार असा पुष्कळांचा समज असतो.

नवऱ्याला बाहेर बसायला सांगितलं. “का घेत नाहीस?” हा प्रश्न तिने कित्येक आठवडे ऐकला होता, म्हणून मी वेगळं विचारलं. “बाळ हातात आलं की काय होतं गं?”

बराच वेळ गेला. मग तिने उलट मलाच विचारलं, “मी सांगितलं तर तिला माझ्याकडून काढून घेतील का?”

त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर. बाळ तीन आठवड्यांचं असताना ती त्याला घेऊन जिना उतरत होती. कठड्यापाशी आली आणि डोळ्यांसमोर लख्ख चित्र आलं, की आपले हात सुटले आणि बाळ खाली गेलं. पायांतलं बळच गेलं. भिंतीला टेकून ती तिथेच बसली. त्या दिवसापासून बाळाला घेऊन जिन्याकडे जाणं बंद. मग सुरीचं चित्र यायला लागलं, म्हणून सुऱ्या वरच्या फळीवर गेल्या. मग बादलीतल्या पाण्याचं, म्हणून आंघोळ घालणं सासूबाईंकडे. शेवटी बाळाला घेणंच नको.

चार आठवडे ती आपल्या मुलीला स्वतःपासून वाचवत होती. घरातल्यांना दिसत होतं ते एवढंच, की ही बाळाला घेत नाही.

असे नको असलेले विचार बाळंतिणींमध्ये किती सर्रास असतात हे सांगितलं, की बहुतेकींचा विश्वास बसत नाही. बाळाला काही अपघात होईल अशी चित्रं जवळजवळ प्रत्येक नव्या आईच्या मनात येऊन जातात. आपल्याच हातून इजा होईल असा विचारही सुमारे निम्म्या जणींना कधी ना कधी आल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. पण हे कुणी कुणाला सांगत नाही. कसं सांगणार?

तरी असं ऐकल्यावर मी लगेच धीर देत नाही. आधी काही गोष्टी विचारते. हा विचार तुला भयंकर वाटतो की बरोबर वाटतो? कुणाचा आवाज ऐकू येतो का, काही करायला सांगणारा? बाळात काही दैवी किंवा वाईट शक्ती आहे असं वाटतं का? झोप नसूनही अंगात भलताच उत्साह असतो का? घरातलं कुणी म्हणालं का, की ही असंबद्ध बोलते? यातल्या एकाचंही उत्तर शंकास्पद आलं तर समुपदेशन तिथेच थांबतं. प्रसूतीनंतरचा मनोविकार, ज्याला सायकोसिस म्हणतात, हजारात एक-दोघींना होतो आणि बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत उद्भवतो. तेव्हा त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं, आणि तोवर आईला बाळासोबत एकटं सोडायचं नाही. उद्या बघू म्हणायची सोयच नाही.

हिची उत्तरं स्पष्ट होती. त्या विचाराने तिला किळस यायची, घाम फुटायचा, म्हणून तर ती पळत होती. ज्या विचाराची इतकी भीती वाटते, तो म्हणजे तुझी इच्छा नव्हे, असं मी म्हटलं. तेव्हा ती पहिल्यांदा रडली.

पण तेवढ्यावर भागणार नव्हतं. सगळं कधीपासून बिनसलं असं विचारलं तेव्हा ती चटकन म्हणाली, “सातव्या महिन्यापासून.” पहाटे चारला जाग यायची ती यायचीच. कपडे, पाळणा, नाव, कशातच रस वाटेना. न्हाणीघरात नळ सोडून रडायची. एका तपासणीला तिने हे सांगूनही पाहिलं होतं. तेव्हा हार्मोन्समुळे होतं असं म्हणाले. घरचे म्हणाले, बाळ आलं की सगळं ठीक होईल.

हे वाक्य या कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत मीही एका गरोदर मुलीला ऐकवलेलं आहे. तिला बरं वाटावं म्हणूनच. ती परत आली नाही, आणि मीही चौकशी केली नाही. आता कुणी ते वाक्य माझ्यासमोर उच्चारलं तर मी मध्येच बोलते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दहा हजार बाळंतिणींची चाचणी घेतली होती. त्यात नैराश्याची लक्षणं आढळलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश जणींचा त्रास गरोदरपणातच सुरू झालेला होता, आणि चौथ्या हिश्श्याहून थोड्या जास्त जणींचा तर त्याही आधी. बाळ आल्याने तो जात नाही. वर जागरणं येतात, अंग दुखत असतं आणि प्रत्येक जण हसऱ्या चेहऱ्याची वाट बघत असतो.

बाळंतपणानंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास येणारं रडू वेगळं. ते बहुतेकींना येतं, दोन आठवड्यांत ओसरतं आणि त्याला औषध लागत नाही, माणसं लागतात. सात आठवड्यांनंतरही टिकलेलं असं काही या खात्यात टाकू नये.

मी तिला एडिनबरा प्रश्नावली भरायला दिली. बाळंतिणींमधलं नैराश्य चाचपणारी, १९८७ सालची, दहा प्रश्नांची, गेल्या सात दिवसांबद्दल विचारणारी. मला ती आवडते, कारण ती थकवा आणि भूक यांबद्दल विचारतच नाही. थकलेली तर प्रत्येक बाळंतीण असते. ती विचारते, हसू येतं का, पुढच्या गोष्टींची वाट बघावीशी वाटते का, विनाकारण स्वतःला दोष देता का. तीसपैकी हिचे गुण एकोणीस आले. या प्रश्नावलीवरून निदान होत नाही, पण दहा-तेराच्या पुढे गेलं की डॉक्टरांकडे पाठवायला हवं हे कळतं.

दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा. तिने ‘कधीकधी’वर खूण केली होती. अशा वेळी मी आडवळणाने विचारत नाही. “मरावंसं वाटतं का? कसं करायचं ते ठरवलंयस का?” विचारल्याने ते डोक्यात घुसेल ही भीती निराधार आहे. ठरवलेलं काही नव्हतं. ती म्हणाली, “मी नसते तर हिला बरी आई मिळाली असती, एवढंच वाटतं.” तिच्या परवानगीने हे नवऱ्याला सांगितलं. तिने एकटं राहायचं नाही, आणि तसा विचार बळावला तर मध्यरात्र असली तरी रुग्णालयात जायचं, हे तिघांनी मिळून ठरवलं. मनोविकारतज्ज्ञांची वेळ दुसऱ्याच दिवशीची घेतली. त्यांनी थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही तपासून घेतलं. ते योग्यच, कारण प्रसूतीनंतर थायरॉइड बिघडला तरी असाच थकवा आणि उदासी दिसते.

नैराश्यावरची सर्ट्रालीनची गोळी सुरू झाली आणि सासूबाई माझ्याकडे आल्या. “गोळ्या दुधातून बाळाच्या पोटात जाणार. मग दूध बंद करायचं का?” हा प्रश्न मला इतर सगळ्या प्रश्नांपेक्षा जास्त वेळा विचारला जातो. या गोळीचा फार थोडा अंश दुधात उतरतो, म्हणून अंगावर पाजणाऱ्या आईला बहुधा हीच आधी देतात. कुठलं औषध, किती, हे डॉक्टरच ठरवणार आणि तिने ते परस्पर बंद करायचं नाही. आणि उपचार न केलेलं नैराश्यही बाळापर्यंत पोचतंच. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. जाताना म्हणाल्या, “माझा धाकटा झाला तेव्हा मी महिनाभर बोलले नव्हते कुणाशी. तेव्हा कुणी विचारलं नाही.” हातात लागण्याचा विषय त्यांनी नंतर काढला नाही.

गोळीचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. तोवर झोप सांभाळायची. रात्री सलग चार-पाच तास तिला कुणी उठवायचं नाही, काढून ठेवलेलं दूध नवऱ्याने पाजायचं. पहिल्या आठवड्यात तो स्वतःच कोलमडला, म्हणून सासूबाईंशी पाळ्या लावल्या. त्यालाही मी विचारलं, तुम्ही कसे आहात? साधारण दहातल्या एका नव्या बापालाही या काळात नैराश्य येतं. तो ठीक होता, फक्त दमलेला.

माझ्याकडचं काम होतं जिन्याचं. टाळलं की भीती पोसली जाते. आधी पलंगावर मधोमध बसून दहा मिनिटं बाळाला मांडीवर घ्यायचं, चित्र आलं तर येऊ द्यायचं, झटकायचं नाही. मग उभं राहून. मग नवरा दोन पायऱ्या खाली आणि ती बाळाला घेऊन वरच्या पायरीवर. मध्ये एक आठवडा ती आलीच नाही. नवऱ्याने फोन केला, म्हणाला पुन्हा सुऱ्या वर ठेवल्यात. आम्ही पुन्हा पलंगापासून सुरुवात केली.

मुलगी पाच महिन्यांची असताना ती एकटी तिला घेऊन माझ्याकडे आली. गोळ्या सुरूच होत्या आणि पुढेही काही महिने राहणार होत्या. दुसऱ्या मुलाचा विचार केला तर हे पुन्हा होऊ शकतं का, असं तिने विचारलं. शक्यता इतरांपेक्षा जास्त आहे, म्हणून पहिल्या तपासणीलाच हे सगळं सांगायचं, असं मी म्हटलं. तिने ते वहीत लिहून घेतलं.

“तो विचार अजून येतो का?” मी विचारलं.

“परवा आला होता. कठड्यापाशीच.” मुलगी तिचे केस ओढत होती, ते सोडवत ती म्हणाली. “पण हिचं मोजं खाली पडलं होतं. ते उचलायला वाकले, आणि मग राहूनच गेलं.”