सोसायटीच्या उन्हाळी शिबिरात मुलांचे फोटो काढायची जबाबदारी माझ्यावर आलीय. पालकांची परवानगी लागते का, आणि मे महिन्याच्या उन्हात फोटो बरे कसे येतील?

तुम्ही लिहिलंय की शेवटचा दिवस मेच्या मधल्या आठवड्यात आहे, सकाळी मैदानात खेळ, मग रेन डान्स, संध्याकाळी स्टेजवर नाच आणि बक्षिसं, आणि हाताशी १८-५५ च्या किट लेन्सचा (कॅमेऱ्यासोबतच मिळते ती) साधा डीएसएलआर. मी पुण्यात आमच्या सोसायटीचे असे कार्यक्रम हौसेखातर शूट करत आलोय, धंदा म्हणून नाही, तर त्यातून जे कळलं ते सांगतो. उत्तर लांबणार आहे.

आधी परवानगी. सेटिंग चुकलं तर फार तर फोटो खराब येईल, पण फोटो भलतीकडे गेला की तो परत आणता येत नाही. त्यामुळे पहिला क्लिक मारायच्या आधी कमिटीला एकच गोष्ट विचारा, फोटो जाणार कुठे? पालकांच्या ग्रुपवर, सोसायटीच्या फेसबुक पेजवर, की शिबिर घेणाऱ्यांच्या पुढच्या वर्षीच्या जाहिरातीत? या तिन्हीला पालक वेगवेगळं उत्तर देतात. ग्रुपला बहुतेक सगळे हो म्हणतात, फेसबुक पेज म्हटलं की बरेच जण विचार करून सांगतो म्हणतात, आणि जाहिरात म्हटलं की चेहरेच बदलतात. म्हणून नावनोंदणीचा जो गुगल फॉर्म असेल त्यात हे तीन प्रश्न वेगवेगळे टाकायला लावा, "फोटोला आमची हरकत नाही" असली मोघम ओळ काही कामाची नाही. आणि ज्यांनी नाही म्हटलंय त्यांना कारण विचारायला जाऊ नका. घरात कोर्टाची भानगड चालू असते, मुलाच्या ताब्यावरून वाद असतो, कुणाला नुसतंच नको असतं, ते आपल्याला कळायची गरज नाही.

हे एवढं ताणून का सांगतोय, तर आमच्या भागात एकदा शिबिराचा ग्रुप फोटो निवडणुकीच्या तोंडावर थेट चौकातल्या फ्लेक्सवर झळकला. वर हात जोडलेले इच्छुक, खाली आमची पोरं, आणि मध्ये "भव्य उन्हाळी शिबिराचे यशस्वी आयोजन". गृहस्थांचं योगदान म्हणजे लिंबू सरबत. कुणीतरी ग्रुपवरून फोटो उचलून त्यांना दिला, बाकी काही नाही. तो फ्लेक्स उतरवायला पालकांना जे हेलपाटे घालावे लागले ते बघून आता मी सरबतवाले, बॅनरवाले, क्लासवाले जे कोणी फोटो मागतील त्यांना पाठमोऱ्या मुलांचे, मातीत बरबटलेल्या हातांचे, रंगांच्या बशांचे फोटो देतो. दिसायला छान दिसतात आणि त्यात कुणाचं पोर ओळखू येत नाही.

कायद्याचं थोडक्यात. सार्वजनिक ठिकाणी फोटो काढायला आपल्याकडे सरसकट बंदी नाही, आणि घरच्यासाठी काढलेल्या फोटोंना २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा लागू होत नाही. पण संस्था म्हणून मुलांची माहिती, फोटो डिजिटल स्वरूपात गोळा करायचे, वापरायचे तर तो कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येकासाठी आईवडिलांची पडताळता येईल अशी संमती मागतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेत, तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होतायत, म्हणजे फॉर्मची सवय आत्ताच लावलेली बरी. दुसरी गोष्ट बऱ्याच जणांना माहीतच नसते. काही सोसायट्या एखाद्या बालगृहातल्या मुलांना त्या दिवशी पाहुणे म्हणून बोलावतात, हेतू चांगलाच असतो, पण काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख पटेल असा फोटो किंवा नाव प्रसिद्ध करायला बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ नुसार मनाई आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यामुळे "अनाथ मुलांसोबत आनंदाचे क्षण" वगैरे पोस्ट टाकायच्या भानगडीत पडूच नका. मला तर तो प्रकार कायदा नसता तरी आवडला नसता.

आणि पालकांनी हो म्हटलं तरी पोराचं नाही हे नाहीच. पाच-सहा वर्षांच्यांना काही वाटत नाही, उलट लेन्सला नाक लावतात, पण अकरा-बारापासून पुढे, मुली जास्त, कॅमेरा दिसला की अंग चोरतात. त्यांना सरळ विचारायचं, काढू का गं, मागच्या स्क्रीनवर दाखवायचं, डिलीट कर म्हणाली तर तिच्यासमोर डिलीट करायचं. एकदा असं केलंत की ती बातमी मुलांमध्ये पसरते आणि मग तीच पोरं येऊन म्हणतात, काका आमचा पण काढा ना.

रेन डान्सला माझा नियम कडक आहे. ओल्या कपड्यातले जवळचे फोटो नाहीत, लांबून, गर्दीचे, पाण्याचे तुषार आणि वर झालेले हात, बस. पोहण्याच्या तलावावर, कपडे बदलायच्या खोलीच्या आसपास कॅमेरा बॅगेतच. नुकताच हरून रडणारा मुलगाही नाही, मोठ्यांना ते गोड वाटतं, त्याला मोठेपणी वाटेलच असं नाही.

आता ऊन. मेमध्ये आपल्याकडे दुपारचा सूर्य अक्षरशः डोक्यावर असतो, पुण्यात साधारण १३-१४ मेला आणि मुंबईत त्यानंतर एक-दोन दिवसांनी शून्य सावली दिवसच असतो, साडेबाराच्या सुमारास उभ्या खांबाची सावली गायब होते. सावली गायब होते तेव्हा फोटोत काय होतं, तर सगळ्यांच्या डोळ्यांच्या जागी काळे खड्डे, नाकाखाली मिशी आणि कपाळ पांढरंफट. कितीही महागडा कॅमेरा आणा, हेच होणार. म्हणून कमिटीच्या मागे लागून खेळ सकाळी सातला चालू करायला लावा, त्या दिवसांत पुण्यात सूर्योदय सहाच्या आसपास असतो, साडेआठपर्यंत उजेड ठीक असतो, नंतरचं सगळं सावलीत घ्यायचं. मुलांच्या तब्येतीच्या नावाखाली मागणी केली तर लगेच मान्य होते, फोटोच्या नावाखाली कोणी ऐकत नाही.

सावली म्हटलं की सगळे मंडपाखाली जातात आणि तिथे वेगळीच गंमत होते. कापड लाल-पिवळं असेल तर सगळी पोरं कावीळ झाल्यासारखी दिसतात आणि हिरवं शेडनेट असेल तर विचारूच नका. रॉ मध्ये (कॅमेऱ्याची कच्ची फाइल, रंग नंतर दुरुस्त करता येतात) काढा, पांढरा कागद धरून व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, सेट करा, त्याने बराच फरक पडतो, पण एका बाजूने ऊन आणि वरून रंगीत कापडाचा उजेड असं मिसळलं की सॉफ्टवेअरलाही ते सुटत नाही. यावरचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे मंडपाची कड. मूल सावलीत, पण कडेपासून एक-दोन पावलं आत, तोंड बाहेर उजेडाकडे, आणि तुम्ही बाहेर उन्हात टोपी घालून. चेहऱ्यावर इतका मऊ उजेड येतो की फ्लॅश लागत नाही. चित्रकलेचं, मातीकामाचं टेबल आदल्या दिवशीच त्या कडेला लावून घ्या, मंडपवाल्याला काही फरक पडत नाही. पार्किंगचं तोंड, जिन्याचा दरवाजा, क्लबहाऊसचा व्हरांडा, सगळीकडे हेच चालतं.

उन्हातच काढावं लागलं तर सूर्य मुलांच्या पाठीमागे ठेवा. आपल्याकडे जुनी शिकवण उलटी आहे, सूर्य फोटोग्राफरच्या पाठीशी हवा म्हणून, आणि मग पूर्ण ग्रुप डोळे मिटून दात दाखवत उभा. पाठीमागे ऊन असलं की चेहऱ्यावर सारखा उजेड राहतो, एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, चेहऱ्याप्रमाणे थोडं वाढवायचं, मागचं आकाश पांढरं झालं तर होऊ दे. खाली सिमेंटचा कोबा किंवा पांढरी फरशी असेल तर तिच्यावरून उजेड वर फेकला जातो, फुकटचा रिफ्लेक्टर.

आकडे हवे असतील तर, लख्ख उन्हात आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता) १००, एफ/५.६ (लेन्सचं छिद्र, आकडा लहान तितका उजेड जास्त), शटर १/८०० सेकंद इथून सुरुवात करा. पोत्यांची शर्यत, दोरीखेच, पळापळी यांना १/५०० च्या खाली जाऊ नका, पाण्याचे थेंब हवेत थिजवायचे तर १/१०००. लिंबू-चमचा मात्र निवांत खेळ आहे, तिथे १/२५० पुरतो आणि खरं सांगायचं तर सगळ्या कार्यक्रमात सगळ्यात भारी चेहरे तिथेच मिळतात कारण तोंडात चमचा आणि नजर लिंबावर, कॅमेरा कोण बघतोय. फोकस कंटिन्युअसवर टाका, म्हणजे पळणाऱ्या मुलावर तो धरून राहतो, कॅननमध्ये एआय सर्वो, निकॉनमध्ये एएफ-सी. शर्यतीत शेवटच्या रेषेच्या मागे, जरा बाजूला, मांडी ठोकून बसा. उभं राहून काढलेल्या फोटोत नुसती डोकी आणि भांग दिसतात. पँट खराब होणार हे गृहीत धरा. आणि पहिल्या नंबराच्याच मागे लागू नका, तिसऱ्या-चौथ्या नंबरावर जी मारामारी चालू असते ती बघा.

पहिला अर्धा तास तर मी फोटो जवळजवळ काढतच नाही. कॅमेरा गळ्यात, पोरांशी गप्पा, नावं विचारायची, दोन बोटं वर करून व्ही दाखवणारे सगळे फोटो आधीच उरकून टाकायचे, कारण ते काढल्याशिवाय ती पोरं सोडत नाहीत. मग ती तुम्हाला विसरतात. तिथून खरं काम सुरू. "स्माईल" म्हणायचं नाही, त्याने जे हसू येतं ते शाळेच्या आयकार्डचं.

नावांची यादी जवळ ठेवा आणि खूण करत जा. प्रत्येक कार्यक्रमात दोन-चार उत्साही पोरं निम्म्या फोटोंत असतात आणि एखादं शांत मूल एकातही नसतं, आणि त्याच्या आईला ते लगेच कळतं, ती बोलत नाही एवढंच. वॉचमनची, कामाला येणाऱ्या मावशींची मुलंही कुंपणाशी उभी राहून बघत असतात, त्यांना खेळात घ्या असं कमिटीला सांगा (ऐकतील न ऐकतील), आणि घेतलं तर त्यांच्या आईवडिलांनाही बाकीच्यांसारखंच विचारा, गुगल फॉर्म नाही तर तोंडी. त्यांना प्रिंट काढून द्या, फार खर्च येत नाही.

ग्रुप फोटो सकाळीच, खेळांच्या आधी, कपडे स्वच्छ असताना. इमारतीच्या सावलीतल्या पायऱ्या बघा, एफ/८, आणि एकाच वेळी सहा-सात फ्रेम, कारण एवढ्या पोरांत कोणीतरी डोळे मिटणारच. फोटोला नाही म्हटलेल्या मुलाला ऐनवेळी सगळ्यांसमोर बाजूला काढू नका, ते फार वाईट दिसतं. त्याला आधीच फळ्यावर तारीख लिहायचं, नाहीतर शिट्टी वाजवायचं काम द्या.

संध्याकाळच्या स्टेजला किट लेन्स दमते, हे खरं आहे. झूम केलं की एफ/५.६ च्या खाली जात नाही, म्हणजे उजेड कमी येतो, मग आयएसओ ३२०० पर्यंत बिनधास्त जा, थोडे दाणे चालतात, हललेला चेहरा चालत नाही. पण त्याहून मोठा त्रास म्हणजे ते जांभळे-निळे एलईडी. लाइटवाल्याला नाच सुरू व्हायच्या आधी गाठा, चहा पाजा आणि समोरून साधा पांढरा उजेड ठेवायला सांगा, रंगीत जे काय ते मागून. फोटोत आडवे काळे पट्टे यायला लागले तर ते दिव्यांचं लुकलुकणं असतं, आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे १/१०० वर आणलं की बऱ्याचदा जातात. १/१०० ला नाचणारं पोर हलतं, मग गाण्यातली ती जागा पकडायची जिथे सगळे हात वर करून क्षणभर थांबतात. त्यासाठी रंगीत तालीम बघून ठेवा. पुढे मोबाइल घेऊन उभ्या राहणाऱ्या पालकांवर काही इलाज नाही, सूत्रसंचालकाकडून दोनदा विनंती करवा आणि स्टेजच्या बाजूची जागा पकडा.

मुंबई-कोकणाकडचे असाल तर एसीच्या खोलीतून कॅमेरा एकदम बाहेर काढू नका, लेन्सवर वाफ धरते, अर्धा तास आधी बॅग बाहेर ठेवा. मोबाइल उन्हात तापून कॅमेरा बंद पडतो, तोही सावलीत. नवीन लेन्स विकत घ्यायचा मोह होत असेल तर या कार्यक्रमापुरता आवरा, त्याऐवजी जादा बॅटरी आणि कार्ड घ्या.

वाटताना सगळे फोटो नको, निवडून द्या. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो टाकला की तो दाबला जातो, म्हणून लोक डॉक्युमेंट म्हणून पाठवतात, पण तसं पाठवल्यावर फोटोच्या आत दडलेली माहितीही तशीच जाते, मोबाइलने काढला असेल आणि लोकेशन चालू असेल तर जागेसकट. म्हणून मोबाइल कॅमेऱ्याचं लोकेशन त्या दिवशी बंद ठेवा. मी ड्राइव्हवर अल्बम करून फक्त त्याच पालकांच्या मेल आयडीला देतो, "लिंक असेल तो कोणीही" हा पर्याय निवडत नाही, फाइलच्या नावात मुलाचं नाव घालत नाही, आणि महिनाभरात डाउनलोड करून घ्या, मग काढून टाकणार असं आधीच सांगून ठेवतो. तरी जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर कोणीतरी विचारतंच, अहो ते फोटो कुठे मिळतील, तर मूळ फाइल्स घरच्या हार्ड डिस्कवर असू द्या, आणि त्यांना फक्त त्यांच्या मुलाचेच काढून द्या.